पी०३०२ आला म्हणून सुटे भाग बदलू नका: सकाळच्या मिसिंगचं मूळ कसं शोधायचं

तुमच्या प्रश्नातले मुद्दे आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर कशाबद्दल आहे ते स्पष्ट राहील. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे, नव्वद हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली. रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं थरथरते, मिसिंग करते (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही) आणि मग दिवसभर ठणठणीत चालते. चेक इंजिनचा दिवा लागलाय. स्कॅनरवर पी०३०२ आणि पी०१७१ असे दोन कोड आले. चारही प्लग बदलून झाले, दुसऱ्या सिलिंडरची कॉइलही (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) नवी टाकली, तरी फरक नाही. आता गॅरेजवाले ऑक्सिजन सेन्सर आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) बदलायला सांगताहेत. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) थोडंथोडं कमी होतं पण गळती कुठे दिसत नाही.

ते शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे ‘फक्त सकाळी, फक्त दोन-तीन मिनिटं’. ऑक्सिजन सेन्सरला तूर्तास हात लावू नका. इंजेक्टरलाही नाही.

कोड म्हणजे निदान नव्हे. पी०३०२ चा अर्थ इतकाच की दुसऱ्या सिलिंडरमध्ये जळण नीट झालं नाही. इंजिन कंट्रोल युनिट क्रँकशाफ्टचा वेग सतत मोजत असतं. एखाद्या सिलिंडरच्या पाळीला क्रँकला अपेक्षित धक्का मिळाला नाही, की ते मिसफायर नोंदवतं. ठिणगी पडली नाही, पेट्रोल आलं नाही, कंप्रेशन (पिस्टनने मिश्रण दाबल्यावरचा दाब) नाही की आत पाणी आहे, यातलं काहीही त्याला कळत नाही.

पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पण हे ठरवतो सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर, आणि तो पेट्रोल मोजत नाही, फक्त उरलेला ऑक्सिजन मोजतो. एका सिलिंडरमध्ये जळण झालं नाही तर तिथला सगळा ऑक्सिजन न वापरता बाहेर पडतो आणि सेन्सरला वाटतं की मिश्रण पातळ आहे. म्हणजे तुमच्या गाडीत दुसरा कोड पहिल्या कोडचाच परिणाम असण्याची शक्यता भरपूर आहे. सेन्सर जे दिसतंय ते प्रामाणिकपणे सांगतोय, आणि त्यालाच बदलायला निघालो तर तक्रार जशीच्या तशी राहील.

हे तपासणं सोपं आहे. गाडी पूर्ण गरम झाल्यावर, ती नीट चालत असताना, स्कॅनरवर लाँग टर्म आणि शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. दोन्हींची बेरीज साधारण अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर पेट्रोल आणि हवेचं गणित ठीक आहे आणि पी०१७१ सकाळच्या मिसिंगमधून आलाय असं समजायला हरकत नाही. गरम गाडीतही बेरीज पंधरा-वीसच्या वर राहत असेल तर ती वेगळी तक्रार आहे. अशा वेळी आयडलिंगचा आकडा आणि २५०० आरपीएमचा आकडा शेजारी ठेवा. आयडलिंगला जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर कुठून तरी बाहेरची हवा शिरतेय: फुटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं कडक झालेलं गॅसकेट, पीसीव्ही व्हॉल्व्हची (इंजिनातला गॅस परत इनटेकमध्ये नेणाऱ्या) नळी. रेस आणि लोड वाढल्यावर आकडाही वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर किंवा एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा). एक बारकावा मात्र लक्षात असू द्या. ज्या गाड्यांत एअर फ्लो सेन्सरऐवजी मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) असतो, त्यांत शिरलेली जादा हवा सेन्सरला दाब म्हणून दिसते आणि संगणक त्या हिशेबाने पेट्रोल वाढवतो. तिथे ट्रिम फारसा बिघडत नाही, आयडलिंग मात्र चढं राहतं.

कोड पुसण्याआधी एक काम नक्की करा. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम साठवलेली असते (बऱ्याच गाड्यांत एकाच कोडची): कोड आला त्या क्षणाचं कूलंटचं तापमान, आरपीएम, लोड, वेग. पी०३०२ च्या फ्रीझ फ्रेममध्ये कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच आणि आरपीएम आयडलिंगच्या जवळ असेल, तर दोष थंड इंजिनाचाच आहे याची लेखी खूण मिळाली. कोड पुसला की ही माहितीही जाते, आणि बऱ्याच गाड्यांत बॅटरीची वायर काढली तरी जाते. म्हणून ‘आधी पुसून बघू, परत येतो का’ ही सवय मला पसंत नाही. आधी फोटो काढून ठेवा.

आता अदलाबदल. तुमच्या तक्रारीची अडचण अशी की चाचणीची संधी दिवसातून एकदाच मिळते, कारण गाडी रात्रभर थंड झाल्याशिवाय दोष येतच नाही. म्हणून एका रात्रीत दोन गोष्टी तपासून घ्या. इंजिन गार झाल्यावर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा आणि दुसऱ्याचा प्लग चौथ्यात. तिथले भाग अर्थातच दुसऱ्यावर येतील. आता कोड पुसा आणि गाडी रात्रभर सोडा. सकाळी पी०३०३ आला तर कॉइल खराब, पी०३०४ आला तर प्लग. पुन्हा पी०३०२ च आला तर दोन्ही निर्दोष आहेत आणि दोष त्या सिलिंडरच्या आत, इंजेक्टरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. एक पैसाही खर्च न होता अर्धी शक्यता बाद होते. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून (सिलिंडरांवरच्या झाकणातून) गरम असताना प्लग काढू नका, आटे खेचून येतात. आणि हात लावलाच आहे तर कॉइलच्या कनेक्टरचं लॉक तुटलेलं नाही ना, प्लगच्या विहिरीत टॅपेट कव्हरमधून तेल उतरलेलं नाही ना, हेही बघून घ्या. तेलात बुडालेलं कॉइलचं रबर फुगतं आणि ठिणगी बाजूनेच हेडला जाते.

तुम्ही प्लग आणि कॉइल आधीच बदललेत, त्यामुळे कोड दुसऱ्यावरच राहील असा माझा अंदाज आहे. आता प्रश्न असा की रात्रभर गाडी उभी असताना दुसऱ्या सिलिंडरमध्ये असं काय होतं की सकाळी तो दोन-तीन मिनिटं जळत नाही, आणि मग आपोआप सुरळीत होतो? याची उत्तरं मोजकी आहेत. बहुतेक वेळा आत काहीतरी झिरपलेलं असतं, आणि इंजिनात झिरपण्यासारखे पातळ पदार्थ तीनच: पेट्रोल, ऑइल आणि कूलंट. तिन्ही प्लगवर आपापली खूण सोडतात.

त्यासाठी प्लग योग्य वेळी काढायला हवा. दिवसभर चाललेल्या गाडीचा प्लग काढून उपयोग नाही, तोवर सगळं जळून गेलेलं असतं. सकाळी, सेल्फ मारण्याआधी, चारही प्लग काढा आणि कोणता कुठला ते लक्षात राहील असे ओळीने एका फडक्यावर ठेवा. दुसऱ्याला पेट्रोलचा वास येत असेल, टोक ओलं आणि काळपट असेल, तर इंजेक्टर टपकतोय. मग पेट्रोलच्या रेलवर प्रेशर गेज लावा. गाडी बंद केल्यावर प्रेशर झपाट्याने खाली येत असेल तर संशय पक्का होतो. प्लग तेलकट, काळा आणि चिकट असेल, आणि सकाळी सुरू करताच सायलेन्सरमधून निळसर धूर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हच्या ऑइल सील कडक झाल्यात आणि तेल दांड्यावरून खाली उतरतंय.

तिसरी खूण सगळ्यात बोलकी असते आणि बहुतेक वेळा तिच्याकडेच दुर्लक्ष होतं, कारण तो प्लग खराब दिसत नाही, उलट सगळ्यात स्वच्छ दिसतो. बाकीच्या तिघांचं पांढरं पोर्सेलीन फिकट तपकिरी झालेलं असतं. ज्यात कूलंट शिरतं त्याचं मात्र धुऊन काढल्यासारखं पांढरंशुभ्र असतं, कारण रोज सकाळी वाफ त्यावरची काजळी साफ करते. कधी त्यावर कूलंटमधल्या रसायनांचा हिरवट किंवा गुलाबी मागमूसही असतो. प्लगच्या भोकातून बोरोस्कोपचा कॅमेरा आत सोडा. तीन पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा काळा थर दिसेल आणि एकाचं डोकं किंवा निदान एक कड धातूसारखी चमकत असेल. मोबाइलला जोडायचा साधा कॅमेराही एवढं दाखवतो. हे दिसलं की मला पुढे फारसा संशय उरत नाही.

हे सकाळीच का होतं? गाडी बंद केल्यावर कूलिंग सिस्टीम बराच वेळ गरम आणि दाबाखाली असते. रेडिएटरची टोपी साधारण एक बारच्या आसपासचा दाब धरून ठेवते. इंजिन चालू असताना जळणाच्या वेळी सिलिंडरमधला दाब त्याहून कितीतरी जास्त असल्याने बारीक वाटेतून कूलंट फारसं आत येत नाही, उलट गॅसच कूलंटमध्ये घुसू पाहतो. इंजिन बंद झालं की सिलिंडरमधला दाब जातो, कूलंटचा राहतो, आणि हेड गॅसकेटमध्ये (हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलमध्ये) केसाएवढी वाट असली तरी थेंबथेंब आत उतरतो. सकाळी प्लग ओला, सिलिंडर जळत नाही. दोन-तीन मिनिटांत ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं आणि गाडी दिवसभर गुणी. तुमची तक्रार, तुमचं घटणारं कूलंट आणि न दिसणारी गळती, तिन्ही यात बसतात.

तरी निव्वळ बसतंय म्हणून हेड उतरवू नका. कूलंट जायच्या इतर वाटा बघून घ्या: वॉटर पंपाखालचं छोटं भोक, टाकीला गेलेला तडा, दाब न धरणारी टोपी, हीटरची कॉइल (ती गळत असेल तर पायाखालचं मॅटिंग ओलं लागतं आणि काचेवर आतून धुकं धरतं). गरम भागावर गळलेलं कूलंट जागच्या जागी सुकतं, म्हणून थेंब शोधू नका, वाळलेला पांढरट किंवा रंगीत डाग शोधा.

पक्की चाचणी अशी. संध्याकाळी गाडी चालवून गरम करा आणि थोडी निवल्यावर, जपून टोपी काढून, तिथे कूलिंग प्रेशर टेस्टर लावा. उकळत्या गरम इंजिनाची टोपी कधीच उघडू नका, दाब सुटला की कूलंट थेट तोंडावर येतं. टोपीवर लिहिलेल्या दाबापर्यंत पंप मारा आणि रात्रभर तसंच ठेवा. इंजिन निवताना काटा थोडा उतरतोच, म्हणून एकट्या काट्यावर विसंबू नका. सकाळी दुसऱ्याचा प्लग काढून कॅमेऱ्याने आत बघा. पिस्टनवर थेंब दिसले तर निकाल लागला. प्लग न काढता थेट सेल्फ मारायची घाई करू नका. आत जास्त कूलंट साठलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकू शकतो. मग काम हेड गॅसकेटपुरतं राहत नाही.

दुसरी चाचणी ब्लॉक टेस्ट. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी ठेवून आतली हवा त्यातून ओढतात. जळणाचा गॅस कूलंटमध्ये येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव पिवळा होतो. पिवळा झाला तर पुरावा मिळाला. निळाच राहिला तर मात्र गाडी निर्दोष ठरत नाही, बारीक झिरप ही चाचणी कधी कधी चुकवते.

कंप्रेशन टेस्टबद्दलही हेच. बऱ्याच ठिकाणी ‘कंप्रेशन चांगलं आहे म्हणजे हेड गॅसकेट चांगलं’ असं सांगून विषय संपवतात. ते बरोबर नाही. कूलंट झिरपायला पुरेल एवढी वाट कंप्रेशनच्या आकड्यात दिसेलच असं नाही. तरी ही टेस्ट करून घ्यावी, कारण बाकीच्या गोष्टी तिच्यातून कळतात. चारही प्लग काढलेले, पेट्रोल आणि इग्निशन बंद, बॅटरी भरलेली, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. हे शेवटचं विसरलं की चारही आकडे कमी येतात आणि विनाकारण घाबरायला होतं. पेट्रोल इंजिनात साधारण दहा ते चौदा बार अपेक्षित असतात, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. मला आकड्यापेक्षा चौघांमधला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून अधिक खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी आले तर त्यांच्या मधलं गॅसकेट जळालंय.

लीक डाउन टेस्टची सोय असेल तर ती मला अधिक आवडते, कारण ती जागा दाखवते. सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरायची आणि कुठून निघते ते ऐकायचं. थ्रॉटल बॉडीतून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅसकेट, किंवा तडकलेलं हेड.

गॅसकेटच निघालं तर काम कसं होतंय याकडे लक्ष द्या. नुसतं नवं गॅसकेट टाकून हेड परत बसवलं तर काही महिन्यांत तीच तक्रार परत येते. हेडचा सपाटपणा सरळपट्टी आणि फीलर गेजने मोजायलाच हवा. मर्यादा बहुतेक गाड्यांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते, म्हणजे डोळ्याने बघून ‘सरळ आहे’ म्हणण्यासारखी गोष्टच नाही. वाकलेलं असेल तर मशीनवर फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं), आणि तडा तपासण्यासाठी प्रेशर टेस्ट. ब्लॉकचा पृष्ठभाग साफ करताना ग्राइंडरला घासायची चकती लावू देऊ नका. तिचे कण ऑइलच्या वाटांमध्ये जातात आणि बेअरिंगं खातात. मॅन्युअलने हेड बोल्ट नवे टाकायला सांगितले असतील तर नवेच टाका. ते घट्ट करताना ठरलेल्या मर्यादेपर्यंत ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तशी पकड देत नाहीत. मध्यापासून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पाना आणि कोनाच्या मापाने. शेवटी ऑइल आणि फिल्टर बदलायचे, कारण कूलंट ऑइलमध्ये थोडं तरी उतरलेलं असतं.

रेडिएटरमध्ये टाकून गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव तुम्हाला कोणी सुचवलं तर नाही म्हणा. गॅसकेटची वाट त्याने काही दिवस बुजेलही, पण तेच रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही बसतं. मग गाडी गरम व्हायला लागते आणि हेड खरोखरच वाकतं.

आणि गॅसकेट गेलंच का, हेही विचारा. पंखा उशिरा लागतो का, थर्मोस्टॅट अडकतो का, कधी कूलंट संपून काटा वर गेला होता का? कारण तसंच राहिलं तर नवं गॅसकेटही त्याच वाटेने जाईल.

आता तुमच्या गाडीत प्लग सकाळी कोरडा आणि इतरांसारखाच निघाला, तर मी लिहिलेला संशय बाजूला ठेवा आणि थंडीत आकसणारं इनटेक गॅसकेट, इंजेक्टरचा कनेक्टर, इंजिनाची अर्थिंगची वायर इकडे वळा. उलट्या लक्षणाचं, म्हणजे थंड असताना छान आणि गरम झाल्यावर मिसिंग असं असतं, तर मी आधी कॉइल आणि टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह पूर्ण मिटावा म्हणून ठेवलेली बारीक फट) तपासायला सांगितलं असतं, विशेषतः सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत. तिथे व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये झिजत खोल बसतो, टॅपेटचं अंतर संपतं आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

तोवर गाडी वापरायची का? दिवा स्थिर असेल आणि कूलंटची पातळी रोज थंड इंजिनात तपासत असाल तर जवळच्या कामापुरती चालवा. दिवा लुकलुकायला लागला तर लगेच रेस कमी करा आणि शक्य तितक्या लवकर थांबा. त्याचा अर्थ न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या पाइपातल्या धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळतंय, आणि त्या उष्णतेने आतली सिरॅमिकची जाळी वितळते. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून हलला तर पुढच्या चौकापर्यंतही जाऊ नका.

गॅरेजमध्ये जाताना ‘इंजेक्टर बदलायचे का’ असं विचारू नका. ‘फक्त थंड असताना पी०३०२ येतो, कूलंट कमी होतंय, रात्रभर प्रेशर लावून सकाळी दुसऱ्याचा प्लग काढून दाखवा’ एवढं सांगा. चांगला मेकॅनिक यावर नाराज होत नाही, त्याचं काम सोपं होतं. त्याला गाडी आदल्या संध्याकाळीच देऊन ठेवावी लागेल, कारण चालवत नेलेल्या गरम गाडीत त्याला काहीच सापडणार नाही. तुमच्या मेकॅनिकला दोष आजवर न सापडण्याचं एक कारण हेही असू शकतं.

दुरुस्तीनंतर कोड पुसून निदान आठवडाभर रोज सकाळी थंड इंजिन सुरू करून बघा. स्कॅनरवर दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर काउंट दिसत असेल तर तो शून्याजवळ राहिला पाहिजे, आणि टाकीतली कूलंटची पातळी खुणेवरून हलता कामा नये. पहिल्या एक-दोन दिवसांत आतली हवा निघून पातळी थोडी उतरते, तेवढी भरून घ्या. ट्रिमचे आकडे आणि सकाळच्या प्लगचे फोटो इथे टाकलेत तर पुढचं नेमकं सांगता येईल.